बॉनेटवरची अंडी

खालच्या मजल्यावरच्या अंकलच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर आज चतुराची मादी पुन्हा पुन्हा शेपटीचं टोक टेकवत होती. चकचकीत पत्र्याला पाणी समजून ती अंडी घालत होती. अंकल फडकं घेऊन धावले. "पेंट खराब कर देगी, यार!" ते फडकं त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं मला.

आमची सोसायटी उभी आहे, इथेच पूर्वी तळं होतं. मी शाळेत असताना आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून बाबा आम्हाला स्कूटरवर ही जागा दाखवायला घेऊन आले होते. शेवाळाचा ओला वास येत होता. पाणकणसांच्या टोकांवर लालभडक नर चतुर पंख पुढे झुकवून बसले होते. दुसरा जवळ आला की सरळ त्याच्या अंगावर जायचे.

"ये सब भर देंगे," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"बिल्कुल! डासांची कटकटच नको," बाबा खूश झाले.

"डास खायला हे चतुर आहेत की," आई म्हणाली.

"तुला काय कळतं?" त्या माणसादेखत बाबा तिच्यावर खेकसले. तेव्हा मलाही बाबांचंच खरं वाटलं होतं.

आता रोज संध्याकाळी सोसायटीत डासांसाठी धूर सोडतात. बाबा खोकत खोकत घरभर खिडक्या लावत फिरतात. आई जागची उठत नाही.