बोगुमिलाची पवनचक्की

पोलंडमधल्या सानोकच्या बाजारचौकामागच्या गल्लीत बोगुमिलाचं केस कापायचं दुकान आहे. कात्री हातात असताना तिचं तोंड थांबत नाही. गावात कुणाचं जमलं नि कुणाचं फिसकटलं हे आधी तिच्या आरशाला कळतं. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही पन्नाशी उलटलेली बाई काय करते, हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. ती कॉम्प्युटरवर लढाया खेळायची.

हा नाद तिला धाकट्या भावानं, सेवेरिननं लावला. दोघं तरुण होती तेव्हा घरात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत ‘सात गढ्या’ नावाचा खेळ. खुर्ची एकच, म्हणून आळीपाळीनं बसायचं. एकाची चाल चालू असताना दुसऱ्यानं स्वयंपाकघरात जायचं, कारण शत्रूचं सैन्य बघणं म्हणजे लबाडी. त्या वर्षांत त्यांच्या आईला बटाटे कधी एकटीनं सोलावे लागले नाहीत. पुढं सेवेरिन जर्मनीत ट्रक चालवायला गेला आणि दोघांनी मिळून खेळणं सणासुदीपुरतं उरलं.

गेल्या शरदात त्या खेळाचा नवा अवतार बाजारात आला. सेवेरिननं बहिणीच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, तो भेट दिला, स्वतःसाठीही घेतला. आता ती सानोकला आणि तो हॅम्बुर्गला असला तरी रोज खेळता येईल, असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा बोगुमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

खेळ दिसायला देखणा होता, गवताचं पातं न् पातं हलायचं. पण कोपऱ्यात सतत घड्याळ पळायचं. विचार करायला सवड नाही. चष्मा नाकावर येईपर्यंत निम्मं सैन्य गारद. वर दर थोड्या वेळानं खेळच सांगायचा, इकडे जा, तिकडे जा, हा घोडा विकत घे. बोगुमिलाला वाटायचं, मग मी इथं कशाला बसलेय? पण भावानं एवढ्या हौसेनं दिलेलं, नाव कसं ठेवणार? त्यानं विचारलं की ती म्हणायची, फार छान आहे रे. तोही म्हणायचा, मलाही भारी आवडतो. मात्र एकत्र खेळायचं म्हटलं की दोघांनाही नेमकं काहीतरी काम निघायचं.

शेवटी तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर गुपचूप जुना खेळ पुन्हा चढवला. ठोकळ्या-ठोकळ्यांचे सैनिक, पिपाणीसारखं संगीत. पहिली गढी उभी राहिली आणि तिला कुणीतरी हवाबंद खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

एकदा लेओकादियाबाई केस वाळवायच्या यंत्राखाली बसल्या होत्या. चर्चच्या गायनवृंदातल्या या बाई आता सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मान वाकडी करून पडद्याकडं पाहिलं आणि विचारलं, ते हिरव्या टोप्यांचे कोण? बोगुमिलानं सांगितलं, धनुर्धारी. “मग त्यांना पुढं कशाला उभं केलंस? मरतील ना ते,” बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून लेओकादियाबाई केस वाढलेले नसतानाही दुकानात यायला लागल्या.

नाताळ उलटल्यावर एका रविवारी सेवेरिनचा फोन आला. काय चाललंय, असं त्यानं विचारलं. बोगुमिला खुशीत होती, तिच्या तोंडून निघून गेलं, “आज नदीपलीकडची पवनचक्की जिंकली बघ.”

सेवेरिननं तिला तिथंच पकडलं.

“बोगुशा, नव्या खेळात पवनचक्की नाहीये.”

 बोगुमिलाच्या डोक्यात प्रकाश पडला. “तुला काय माहीत? तू कुठं सगळा फिरलायस तो?”

“फिरलो नाही गं,” सेवेरिन पडेल आवाजात म्हणाला. “दोन दिवसांत कंटाळलो. ट्रकमध्ये मी पण जुनाच खेळतोय. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“गाढवा, आणि मी तुला वाईट वाटेल म्हणून रोज खोटं बोलतेय!”

दोघंही पोट दुखेपर्यंत हसली. त्यानंतर युद्ध सुरू झालं. ती आपली चाल करून खेळ त्याला पाठवून द्यायची. तो कुठल्यातरी ट्रकतळावर कॉफी पीत आपली चाल करायचा आणि परत पाठवायचा. एकेक लढाई आठवडाभर चालायची. घाई कुणालाच नव्हती. सेवेरिन मात्र चक्रावला होता, कारण बहीण अचानक फार हुशारीनं खेळायला लागली होती.

ईस्टरला तो घरी आला. ईस्टरच्या सोमवारी एकमेकांना भिजवायची तिथली रीत, म्हणून सकाळीच गल्लीतल्या पोरांनी त्याच्यावर पाण्याच्या बादल्या रिकाम्या केल्या. आत येतो तर टेबलावर झुरेकचं, म्हणजे सणाच्या आंबट सूपचं भांडं, आणि खुर्चीत लेओकादियाबाई नवीन कुरळे केस मिरवत बसलेल्या.

“तुमची बहीण म्हणते, तुम्ही फार चांगले खेळता,” बाई नम्रपणे म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसाला जरा शिकवाल का?”

ओल्या शर्टावरच तो बसला. दुपारपर्यंत त्याच्या सहा गढ्या गेल्या. बाईंची चाल आली की त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं जायचं, आणि तिथं बोगुमिला तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबून हसत असायची.

“कुणी शिकवलं यांना?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“मी फक्त बटणं दाखवली,” बोगुमिला म्हणाली. “गप्प अंडी सोल. बाईंची चाल लांबणार आहे.”