तिथीची पाऊणपट

रेवसच्या धक्क्यावर उभी होते तेव्हा माझ्या पर्समध्ये एकतीस कामांची यादी होती आणि त्यातल्या एकोणतीस कामांवर टिक झाली होती. इराला उलटीची गोळी द्यायची राहिली होती. आणि बाबांचा निरोप घ्यायचा राहिला होता.

मोठ्या बॅगा घेऊन सुनील, म्हणजे माझा नवरा, पनवेलच्या घरातून परस्पर मुंबईला गेला होता. मी आणि मुलगी इरा शेवटचे दोन दिवस बाबांकडे राहिलो. तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि रात्रीचं कॅनडाचं विमान गाठायचं, असं ठरलं होतं. मी सकाळी दहाची लाँच धरायचं ठरवलं होतं, हाताशी भरपूर वेळ राहावा म्हणून. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाले, "धाची नको. चारची धर."

"बाबा, मला मुहूर्त बघायला वेळ नाही."

"मुरत कसला. चौथ हाय आज."

चतुर्थीचा आणि लाँचचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. वाद घालणं यादीत नव्हतं. चारच्या लाँचने गेलो. लाँच सुटताना ते धक्क्यावरून म्हणाले, "बाय, पोचलीस की आदी जेव. मंग फोन कर." मी मान हलवली आणि यादीवर शेवटची टिक केली. त्या टिकेकडे आजही मला नीट बघता येत नाही.

याला तीन वर्षं झाली. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटत असेल की इथे कॅनडात आल्यावर मी सगळं चटकन मार्गी लावलं असेल. तुम्ही मला ओळखता. आईच्या बाराव्याला कुणी काय आणायचं याचा तक्ता मीच केला होता. इथेही पहिल्या आठवड्यात बँक, शाळा, फॅमिली डॉक्टर, बर्फातले बूट, सगळं झालं. एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात बसेना, ती म्हणजे मी स्वतः. उरणकडे कंटेनर यार्डात मी अठरा वर्षं काढली होती. शेवटी शेवटी माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. इथे मुलाखतीत सगळे हसून म्हणायचे, छान अनुभव आहे, पण इथला नाही. शेवटी एका मोठ्या दुकानाच्या मागच्या गोदामात खोक्यांवर लेबलं लावायचं काम मिळालं. लेबलं मी उत्तम लावते. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला कळतं की एखाद्या कामातून वर जायचा जिना आहे की नाही. तिथे तो नव्हता.

जिना दुसरीकडे होता. इथल्या एका कॉलेजात मालवाहतुकीच्या व्यवस्थापनाची दोन वर्षांची मास्टर्स होती. माझी जुनी डिग्री त्यांना चालत होती. फक्त एक प्रवेश परीक्षा द्यायची आणि त्यात त्यांनी सांगितलेला स्कोअर आणायचा. भाषेचा भाग निभावला असता. प्रश्न गणिताचा होता. मी पहिल्यांदा परीक्षा दिली आणि थोडक्यात खाली राहिले. दुसरी संधी मार्चमध्ये होती. त्यानंतर त्या वर्षाचे प्रवेश बंद, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा एवढी हिंमत गोळा केली असती, असं मला वाटत नाही.

मग मी मला येतं तेच केलं. चौसष्ट सूत्रांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. टक्केवारी निळी, भूमिती हिरवी, वेळ आणि वेग लाल. पण सूत्रं डोक्यात मराठीत होती आणि प्रश्न इंग्रजीत येत होते. लसावि, कर्ण, मूळ संख्या, व्यस्त प्रमाण हे सगळं मला पाठ. तेच इंग्रजीत आलं की रोजचा शेजारी परक्या कपड्यांत भेटल्यासारखं व्हायचं. ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही. म्हणून सूत्रांच्या तक्त्याशेजारी शब्दांचा दुसरा तक्ता लागला. मग चुकांचा तिसरा. फ्रिजचं दार उघडलं की कागद फडफडायचे आणि दूध कुठे ठेवलंय ते विसरायला व्हायचं.

शिकवणी इराची होती. ती बारावीला, तिचं गणित चांगलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोनमध्ये दोन मिनिटांचा टायमर लावून ती माझ्यासमोर बसायची.

"आई, वेळ संपली. काहीतरी निवड आणि पुढे चल."

"अर्धं झालंय."

"अर्ध्याला मार्क नाहीत."

"कसे नाहीत? आमचे सर पायऱ्यांना मार्क द्यायचे. उत्तर चुकलं तरी."

"तुझ्या पायऱ्या कुणी वाचत नाही आई. स्क्रीनला फक्त ए, बी, सी, डी कळतं."

मला हे पचायचंच नाही. दिलेली माहिती, काढायचं काय, सूत्र, किमती घालून उत्तर, खाली दोन रेघा. शाळेत असताना मी कधी गणित मध्ये सोडलं नव्हतं. इरा म्हणायची, उत्तराच्या पर्यायांपासून मागे ये. म्हणायची, एक्स ऐवजी सरळ शंभर धर आणि बघ. प्रश्नांचा एक प्रकार तर मला फसवणूकच वाटायचा. त्यात उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती उत्तर काढायला पुरेशी आहे का एवढंच सांगायचं. मी हटकून उत्तर काढायची. ते बरोबर यायचं आणि इरा डोक्याला हात लावायची, कारण तेवढ्यात पुढचे दोन प्रश्न निघून गेलेले असायचे. त्या प्रकाराने मला आणखी एका कारणाने त्रास दिला. आम्ही पनवेलचं घर भाड्याने देऊन निघालो तेव्हा आमच्याकडची माहिती पुरेशी होती का? मी तेव्हा छप्पन्न मुद्दे लिहून काढले होते. आता वाटतं, त्यात एकही कामाचा नव्हता. कधी वाटतं, होते, मलाच वाचता आले नाहीत. याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

आणि मग बोटी. सराव परीक्षांत मी एकाच प्रकारची गणितं सलग चुकत होते आणि इराला कारण सापडेना. गणित अगदी साधं होतं. बोटीचा शांत पाण्यातला वेग ताशी दहा किलोमीटर, प्रवाहाचा दोन. बोट प्रवाहाबरोबर चोवीस किलोमीटर जाऊन परत येते, तर एकूण वेळ किती? माझं उत्तर चार तास.

"पाच," इरा म्हणाली. "जाताना बारा, येताना आठ. दोन तास आणि तीन तास. तू दोन्ही वेळा बाराने का भागलंस?"

मी वहीकडे बघत राहिले. का भागलं ते मलाच सांगता येईना. सूत्र तर फ्रिजवर लाल शाईत होतं. "घाईत झालं असेल," म्हणाले. पण मागच्या सराव परीक्षेतही तसंच केलं होतं, आणि त्याच्या आधीही. घाईत माणूस दर वेळी तीच चूक करत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे संध्याकाळ. ते ओटीवर पाय धुऊन बसले होते. बाबा चौथी शिकलेले. आयुष्यभर मिठागरावर राबले, खाडीकाठच्या खारेपाटातली भाताची शेती केली आणि जोडीला एक छोटी होडी बाळगली. इराने गंमत म्हणून ते गणित त्यांना मराठीत सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "होरी कंची? मशीनची का वल्ह्याची?"

"ते दिलं नाहीये आजोबा."

"बरं. आन परत येताना पान्याच्या इरुद्ध कशाला आली ती?"

"म्हणजे?"

"पोरी, ओहटीच्या पान्याबरूबर जायचं, जाली टाकायची. पानी फिरस्तवर थांबायचं. भरती लागली की तिच्याबरूबर घरी. इरुद्ध वल्हवील तो येडा."

इरा खो खो हसायला लागली. मी हसले नाही. वहीतलं गणित मला पहिल्यांदा दिसलं. त्या गणितातल्या नदीचं पाणी एकाच बाजूला वाहत होतं. माझ्या डोक्यातलं पाणी खाडीचं होतं आणि ते दर सहा तासांनी उलटत होतं. लहानपणी कितीतरी वेळा मी त्या होडीत बसले होते, आणि जाताना आणि येताना पाणी आमच्याच बाजूचं असायचं. बोटीने परत यायचं म्हटल्यावर माझा हात आपोआप वेगांची बेरीज करत होता.

"पण पाणी कधी फिरणार ते कसं कळतं?" इराने विचारलं.

"तिथीची पाऊनपट कर. आज सष्टी. सा पाऊनं किती?"

"साडेचार," मी म्हणाले. पाढे मला पाठ आहेत.

"साडेचारला पुरी भरती. तितनं सा तासांनी पुरी ओहटी. मना हे माज्या बापानं शिकवलंय."

मी आम्ही निघालो त्या दिवसाचा हिशेब केला. चौथ. चारची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दहाच्या लाँचसाठी गेलो असतो तर रेवसला गाळात रुतलेल्या लाँचकडे बघत दोन तास धक्क्यावर बसलो असतो. मुहूर्त नव्हताच तो. माझ्या घरात एक सूत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं आणि चौसष्ट सूत्रं लिहिणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं. मी बारावीनंतर अलिबागला, मग पनवेलला शिकायला गेले आणि गावाला काय येतं हे विचारायचं राहूनच गेलं.

इराने तेवढ्यात मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं होतं. "आजोबा, तुमचं थोडं चुकतं. पाणी रोज पाऊण तासाने नाही, त्याहून थोडं जास्त पुढे सरकतं. पौर्णिमेला तुमचं जवळजवळ पाऊण तास मागे पडतंय."

"पडू दे की. पाऊन तासानं काय व्हतंय? पानी थोडीच येष्टी हाय."

"पण चूक आहे ना."

"व्हय, चूक हाय. आजवर घरी मातुर आलोय."

ते वाक्य मी चौथ्या कागदावर लिहिलं नाही, फ्रिजवर जागा नव्हती. पण महिनाभर इरा जे सांगत होती ते मला तेव्हा कळलं. दोन मिनिटांत पुरेसं जवळचं उत्तर काढायचं, पर्यायांत बसतंय का बघायचं आणि निघायचं. माझ्या बाबांनी खाली दोन रेघा ओढायची वाट पाहिली असती तर होडी गाळातच राहिली असती. मी तक्ते काढून टाकले. चौसष्टातली वीस सूत्रं ठेवली. नदीच्या गणिताला हात लावण्याआधी वहीच्या कडेला एक छोटा बाण काढायचा, पाण्याची दिशा एकच आहे हे स्वतःला बजावायला, एवढा एकच नवा नियम केला. सगळा गोंधळ संपला असं नाही. संभाव्यतेची गणितं मला आजही देवाच्या भरवशावर येतात.

मार्चमधल्या त्या सकाळी केंद्रात आम्ही बारा जण होतो. मी सोडून सगळे इराच्या वयाच्या आसपासचे. गणिताच्या भागात मी तीन प्रश्न अर्धे सोडून पुढे गेले. शेवटच्या प्रश्नावर उत्तर दाबलं. ते बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही. मग स्क्रीनवर विचारलं, स्कोअर बघायचा आहे का? हो म्हटलं. कॉलेजने मागितला होता त्याहून चार गुण जास्त. मी आकडा दोनदा वाचला, मग बाजूचा रकाना चुकून वाचत नाही ना ते तपासलं, आणि मग टेबलावर कोपरं टेकून नुसती बसून राहिले. केंद्रातल्या बाई येऊन म्हणाल्या, सगळं ठीक आहे ना? मी त्यांना स्क्रीनवरचा आकडा दाखवला.

बाहेर बर्फ पडत होतं. बसस्टॉपवर उभं राहून आधी बाबांना फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ वाजले होते. ते फोन हातात घेऊनच बसले असावेत.

"झालं, बाबा. मिळाला."

त्यांनी बोटांवर काही मोजलं असावं. मग म्हणाले, "म्हंजे आता आनखी दोन वरीस तिकरंच."

"हो. दोन तरी."

"बरं. गाडीचा आवाज येतोय. बायेर हायस का थंडीत?"

"बससाठी थांबलेय."

"मंग बोलत काय बसलीस. घरी जा आदी. लेक वाट बघत असंल."

फोन ठेवला तरी मी तशीच उभी राहिले. आमच्या इथल्या फ्लॅटला बाबा तीन वर्षं "तुमची रूम" म्हणत आले होते. रूमवर पाणी आहे का, रूम गरम होते का. घर म्हणजे ओटी असलेलं, तिथलं. आज त्यांनी मला घरी जा म्हटलं आणि ते खाडीकडे जा असं म्हणत नव्हते. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सहज निघून गेलं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. त्या दोन शब्दांनी त्यांनी मला मोकळं केलं की दूर केलं, हे मला ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. तुमच्यापैकी जे मागे राहिलेत त्यांना हे पटणार नाही, जे गेलेत त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

बस आली. मी बसले आणि इराला मेसेज लिहिला, "मिळाला. घरी येतेय." पाठवायच्या आधी मधल्या शब्दावर बोट थांबलं. दुसरा कुठला शब्द तिथे बसतो का, ते पाहिलं. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं आणि कुठे उतरायचं ते मला नेमकं माहीत होतं. मेसेज तसाच पाठवला.