दुसरा डोळा

मी डोळ्यांचे ऑपरेशन शिकून आलो तेव्हा आमच्या भागात मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणाचाच एक भाग समजत. दिसेनासे झाले की माणूस ओट्यावर बसून राही. दवाखान्यापर्यंत कोणी येत नसे, म्हणून थंडीत मीच खांडबाऱ्याला जाऊ लागलो. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत टेबल मांडायचे आणि दाराच्या उजेडात काम करायचे. तापीकाठचे लोक गाडीने येत, डोंगरातले दोन दोन दिवस चालून.

दुसऱ्या वर्षी तापीकाठच्या एका शेतकऱ्याने आपल्या आईला आणले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिची पाळी आली तोवर उजेड उतरू लागला होता आणि बाहेर अजून माणसे बसली होती. हत्यारे उकळत ठेवली होती, तेवढ्यात स्टोव्ह विझला. पुन्हा पेटवायला हवा होता. उकळून झाली असतील, असे मीच मनाशी ठरवले.

एका डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर डोळ्यात पू. दोन दिवसांत तो डोळा गेला.

आईनेच डोळा चोळला असेल, असे मुलगा म्हणाला. मी नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता. ती तिथेच पडून ऐकत होती.

"त्यांनी काही केलं नाही," मी म्हणालो. "हत्यारं नीट उकळली नव्हती. चूक माझी आहे."

मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले. मग आईला हात धरून उठवले आणि तो तिला स्टेशनकडे घेऊन गेला.

पुढच्या थंडीत मी जाऊ नये, असे घरच्यांना वाटत होते. मी गेलो. दुपारपर्यंत टेबलाकडे कोणी फिरकले नाही. माणसे आली होती, पण समोरच्या झाडाखाली बसून नुसती पाहत होती. सगळ्यांना कळले होते. आवरायला घ्यावे असे मनात आले, तेवढ्यात तीच म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आत आली.

"मन्हा एक डोया गया," ती म्हणाली. "दुसरा शे ना, तो कर."

"आई, भीती नाही वाटत?"

"वाटस. पन तू खोटं बोलना नही, म्हनीसन उनू." मी खोटे बोललो नव्हतो, म्हणून ती आली होती.

त्या दिवशी पाणी उकळत होते तोवर मी स्टोव्हजवळून हललो नाही. झाडाखालची माणसे उठून दारापाशी आली. मग मी तिचा दुसरा डोळा केला. टाका घालायची तेव्हा सोय नव्हती. जखम आपोआप मिळून यायला हवी होती. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ती आठवडाभर उताणी पडून राहिली. सून घास भरवायची. मी रोज सकाळी पट्टीला हात लावण्याआधी क्षणभर थांबत असे.

शेवटची पट्टी सोडली तेव्हा उजेडाने तिने आधी डोळा मिटून घेतला. मग माझा चेहरा न्याहाळला.

"तू ते आजून पोऱ्या शेस," ती म्हणाली.

मी तिशीचा होतो. मला हसू आले नाही.

एव्हाना इतके रोगी आले होते की धर्मशाळेत पथारी टाकायला जागा उरली नव्हती. मुलगा तिला न्यायला आला, पण माझ्याशी बोलला नाही. तसे त्याने बोलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीशी बसून फलाटावरची माणसे बघत होती.