बाराशेवर एक

बाराशे मुलांची कवायत. चाळीस ओळी, ओळीत तीस. लातूरच्या मैदानावर माझी चुन्याची आखणी अर्धी झाली होती, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आप्पा आले.

"मॅडम, एक पोरगी वाढवा. बाराशे एक करा."

"आप्पा, बाराशेच ठरलं होतं."

"आहेर कुणी पुरा बाराशेचा देतं का? वर एक लागतोच. बोलावलं बी मी तिला."

मी नांदेडची. मोठ्या कार्यक्रमांचं लेआउट करते, म्हणजे मैदानात कोण कुठे उभं राहणार ते ठरवते. मी १२०१ ला भागून बघितलं. दोन, तीन, पाच, सात करत एकतीसपर्यंत गेले. भाग जाईना. पुढे बघायची गरज नव्हती, कारण पस्तीस गुणिले पस्तीसच बाराशे एकच्या वर जातात. मोठ्या आकड्याने भाग गेला असता, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता. १२०१ ही मूळ संख्या. सारख्या ओळी होणारच नव्हत्या.

तोवर जळकोटहून सातवीतली अल्फिया मामासोबत आली. वडील टेलर. त्यांनी शिवलेला कवायतीचा ड्रेस घालूनच ती एसटीत बसली होती.

कवायत बसवणारे कदम सर म्हणाले, "हिला पुढं झेंडा धरायला देऊ."

"झेंडा नको सर," अल्फिया म्हणाली. "मला सगळ्यांसोबत करायचं हाय. रोज घरी करून राहिले मी."

"ओळ मोडंल की, बाई."

तिनं मान खाली घातली.

"मला चहापुरता वेळ द्या," मी म्हणाले.

गेटबाहेर मोसंबीचा गाडा होता. खाली चौकोनी थर, वरचा थर खालच्या खाचांत बसलेला, लांबीत आणि रुंदीत एकेक कमी. मी चहा न घेताच परत फिरले. पंचवीस गुणिले पंचवीस, सहाशे पंचवीस. मधल्या खाचा चोवीस गुणिले चोवीस, पाचशे शहात्तर. बेरीज बाराशे एक.

"सर, पंचवीसचा चौकोन उभा करा. चार मुलांच्या मधोमध जागा राहते, तिथं प्रत्येकी एक."

"आन् उरले किती?"

"कुणीच नाही."

सरांनी मोबाइलवर दोनदा हिशेब केला आणि हसायलाच लागले. "आप्पा, तुमचा आहेर पावला. नुसत्या बाराशेत हे जमलंच नसतं."

"मी काय सांगत होतो?" आप्पा म्हणाले. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

जुनी आखणी पुसून सगळं नव्यानं आखलं. चौकोनातल्या मुलांना पांढरे रुमाल दिले, खाचांतल्यांना केशरी. कार्यक्रमाच्या दिवशी पांढरे खाली बसले की मैदान केशरी व्हायचं, केशरी बसले की पांढरं. टाळ्या थांबेनात.

अल्फियाचे मामा माझ्या शेजारी टाचा उंचावून बघत होते.

"दिसली का?" मी विचारलं.

"न्हाई ना, मॅडम," ते खुशीत म्हणाले. "सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या."

आता कुठलाही आकडा आला की मी आधी तो मोडून बघते, चुना नंतर मागवते.