नदीतली दवंडी

सीना नदीच्या काठी, माढ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. धोंडीराम गावचा कोतवाल. हलगी वाजवून दवंडी द्यायची हे त्याचं काम, आणि हलगी वाजली की असेल तिथून धावत यायचं हे त्याच्या कुत्र्याचं, भुऱ्याचं काम. दवंडी संपेपर्यंत भुऱ्या धन्याच्या पायाशी बसून राहायचा. 'कोतवालापेक्षा कुत्रंच वेळेवर येतं,' अशी आम्ही थट्टा करायचो. मूलबाळ नसलेला धोंडीराम बाप लाजावा तसा लाजून हसायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नदी आटली. वाळूत खड्डे खणायचे, झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं, आणि त्यातच कुत्री तोंड घालायची. पोरं जुलाबानं आजारी पडली, तशी चावडीवर बैठक बसली.

"मग कुत्र्यांनी प्यायचं कुटं?" संगप्पा वाण्यानं विचारलं.

"तुमच्या दुकानात!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"त्यांच्यासाठी येगळा खड्डा खणू की," संगप्पा हटेना.

"खणतंय कोण?" सरपंच हिंदुरावांनी विचारलं.

इतका वेळ तावातावानं भांडणारी माणसं धोतराचे सोगे चाचपत बसली. शेवटी ठरलं, कुत्री बांधायची. नदीत दिसेल ते मारायचं.

धोंडीरामानं हात जोडले. "सरपंच, मी घरोघरी जाऊन सांगतो. नदीत हलगी नगं. भुऱ्या न्हाय ऱ्हायचा."

"बांध की त्याला. बाया समद्या नदीतच असत्यात. दवंडी तितंच व्हायची."

सकाळी त्यानं भुऱ्याला दाव्यानं बांधलं, वर बायकोला, सोजरबाईला, त्याला धरून बसायला सांगितलं आणि तो नदीत उतरला. काठ्या घेतलेले गडी आधीच उभे होते. त्यानं हलगी जमेल तितकी हळू वाजवली, पण हलगी कुठं हळू वाजते!

तुटलेलं दावं फरफटत भुऱ्या आला. धोंडीरामानं हात आवरला, पण उशीर झाला होता. कुत्रं नेहमीसारखं पायाशी बसलं.

"आवो, मीच बोलावलंय त्याला! त्येची काय चूक न्हाय!" तो ओरडत राहिला. दोघांनी त्याला धरून ठेवलं. गड्यांच्या काठ्या पडल्या. भुऱ्या पळालासुद्धा नाही. दवंडी संपली नव्हती ना.

हिंदुराव वाळूकडे बघत म्हणाले, "धोंडीराम, दवंडी अर्धीच ऱ्हायली."

धोंडीरामानं हलगी उचलली. "आपापली कुत्री बांधून ठेवा होऽ," असं म्हणाला, आणि सवयीनं पायाशी बघितलं.