झोपलेल्या पेशंटचं बटण

"मॅडम, लवकर या. सहा नंबरच्या बाई उठत नाहीयेत."

दुपारी दोनला जाधव सिस्टरांचा फोन आला, तेव्हा मी ऑपरेशन थिएटरात पुढच्या केसची तयारी करत होते. ग्वाल्हेरच्या एका हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं आटोक्यात ठेवणं हेही माझंच काम.

सहा नंबरवर शहरातल्याच मुरार भागातल्या रिटायर्ड शिक्षिका, सक्सेनाबाई. आदल्या दिवशी पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. त्यांना मी पीसीए पंप लावला होता. पंपात मॉर्फिन असतं आणि पेशंटच्या हातात बटण. दुखलं की पेशंटने दाबायचं, ठरलेला छोटा डोस शिरेत जातो.

मी धावत पोचले. बाई मिनिटाला जेमतेम सात श्वास घेत होत्या, मॉर्फिन जास्त झाल्याची खूण. पंप बंद केला, ऑक्सिजन लावला, मॉर्फिनचा उतारा दिला. थोड्या वेळाने त्या कण्हल्या, "बेटा, बहुत दर्द है."

दुखतंय हे ऐकून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

पंपाची नोंद पाहिली. गेले दोन तास बटण सारखं दाबलेलं.

"सिस्टर, कोणी दाबलं?"

"मीच. झोपेतसुद्धा कण्हत होत्या, बघवेना. मशीन जास्त देतच नाही, तुम्हीच बोलल्या होत्या ना?"

बोलले होते खरी. एका डोसनंतर पंप काही मिनिटं दुसरा देत नाही. पण मोठी राखण वेगळीच असते. गुंगी चढली की पेशंटचा हात बटणाकडे जात नाही आणि औषध आपोआप थांबतं. दुसऱ्याने दाबलं की ती राखण संपली.

सर्जन तापले. "सिस्टरला मेमो द्या."

"मग आधी मला द्या, सर. सिस्टरांना ट्रेनिंग मीच दिलं होतं."

मेमो कोणालाच मिळाला नाही. पण जाधव सिस्टर ड्युटी संपेपर्यंत सहा नंबरपासून हलल्या नाहीत. चहासुद्धा घेतला नाही.

"पेशंटनेच का दाबायचं, हे मी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाही मॅडम. सिरिंज बदलायची कशी आणि अलार्म बंद कसा करायचा, ते शिकवलं."

सक्सेनाबाई आठवड्याने चालत घरी गेल्या. पुढच्या ट्रेनिंगमध्ये जाधव सिस्टर आपणहून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. मग आणखी तिघींनी हात वर केले. त्यांनीही कधी ना कधी पेशंटसाठी बटण दाबलं होतं, मायेनेच.

मशीन शिकवायला मी वीस मिनिटं घेतली होती. ते सुरक्षित का आहे, हे सांगायला दोन पुरली असती.