जामीनदार आणलाय का?

आमच्या इमारतीची राखणदार एर्लिंदाबाई तोंडाची फटकळ होती, हे आधीच सांगून टाकते. टपालवाला उशिरा आला तर तो, मांजराने जिन्यात घाण केली तर मांजर, मी केसांची पिशवी न बांधता खाली ठेवली तर मी, तिच्या तोंडून कोणी सुटायचं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर बायकांचे केस कापते. तिचेही मीच कापायचे. बरे कापलेस, असं तिने मला एकदाही म्हटलं नाही.

वाहाकाच्या डोंगरातून ती मेक्सिको सिटीत आली तेव्हा जेमतेम सोळाची होती. पहिल्या काही रात्री बसच्या स्टँडवर पोत्याला टेकून काढल्या. मग धुणीभांडी मागत या दारात आली. म्हातारे मालक फेर्मीन यांनी तिला गाव विचारलं, आईचं नाव विचारलं आणि गच्चीवरच्या एका खोलीची किल्ली हातावर ठेवली. भाडं पहिल्या पगारातून दे, म्हणाले. पुढे त्यांनी तिला फाटकावर नेमलं, जिन्याखालची खोली राहायला दिली, आणि गच्चीवरच्या खोल्या कोणाला द्यायच्या हेही तिच्यावरच सोपवलं.

मग काय, शहरात नव्याने उतरलेला कोणीही आमच्या गच्चीवर. नर्सा, वेटर, ग्वाटेमालाचे गवंडी, क्यूबाचा एक व्हायोलिनवाला. कागद नाही, करार नाही. तीन-चार महिने राहायचं, पाय रोवायचे, की पुढच्याला जागा करून द्यायची. आल्या दिवशी ती प्रत्येकाला ओरडून सांगायची, "पाणी सांडायचं नाही, दारू आणायची नाही, आणि आधी आईला फोन लाव, पोहोचलो म्हणून!"

फेर्मीन गेले आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. त्यांचा पुतण्या, वकील ओक्ताविओ. त्याने गच्चीवरच्या खोल्या रंगवल्या, दारात निवडुंगाच्या कुंड्या मांडल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या आणि खोल्या परदेशी पाहुण्यांना रोजच्या भाड्याने, डॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली. नर्स ज्या पैशांत महिना काढायची, त्यात आता पाहुणा दोन रात्री झोपतो. एकच खोली उरली, पाण्याच्या टाक्यांना लागून. टाकी भरताना तिथे अशी घरघर होते की पाहुण्यांना झोप लागत नाही. म्हणून तिथे झाडू आणि रंगाचे डबे पडलेले.

ती खोली मागायला डिसेंबरात योलिमार आली. व्हेनेझुएलाची, तिशीतली, बरोबर गुडघे गेलेली आई. बेकरीत काम मिळालं होतं, पण ते पक्कं व्हायला मार्च उजाडणार होता. तोवर डोक्यावर छप्पर हवं होतं. होस्टेलवाल्याने नाताळची गर्दी बघून खाटेचं भाडं तिप्पट केलं होतं, ते द्या नाहीतर उद्या दुपारी सामान उचला म्हणाला होता. एर्लिंदाबाई तिला स्वतः ओक्ताविओकडे घेऊन गेली. तो फाटकापाशी उभा होता, मीही तिथेच होते.

"साहेब, झाडूंची खोली हवीय हिला. पोरगी कष्टाची आहे. मार्चपर्यंतचाच प्रश्न आहे."

"जामीनदार आहे?" त्याने फोनमधून डोकंही वर काढलं नाही.

"म्हणजे कोण?" योलिमारने विचारलं.

"या शहरात स्वतःचं घर असलेला माणूस. तो सही करील. शिवाय पगाराचा दाखला आणि दोन महिन्यांचं भाडं आगाऊ."

"साहेब, मला येऊन महिनासुद्धा झाला नाही. ओळखीचे म्हणाल तर एक बेकरीवाला आणि या बाई. दोघंही दुसऱ्याच्याच घरात राहतात."

"मग मी काय करू? नियम म्हणजे नियम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल उतरलेल्या बाईने या शहरात घर असलेला माणूस कुठून आणायचा? तसा कोणी सख्खा असता तर ती झाडूंची खोली मागायला आली असती का? परवाच एका पाहुण्याने गच्चीवरून बाटली भिरकावली, ती माझ्या खिडकीची काच फोडून आत आली. त्याचा जामीनदार कोण होता, ते मला अजून कळलेलं नाही.

एर्लिंदाबाई योलिमारला एवढंच म्हणाली, "संध्याकाळी ये. आईलाही आण. आज आमच्याकडे पोसादा आहे, गरम काहीतरी पोटात जाईल."

नाताळच्या आधी आम्ही दरवर्षी पोसादा करतो. अर्धे लोक येशूच्या जन्माआधी आसऱ्यासाठी दारोदार फिरलेल्या मारिया आणि योसेफच्या मातीच्या मूर्ती घेऊन रस्त्यावर थांबतात आणि गाण्यातून रात्रीचा आसरा मागतात. अर्धे बंद फाटकाच्या आत राहून गाण्यातूनच त्यांना हाकलतात. तीनदा नाही म्हणायचं, मग आतल्यांनी मारिया-योसेफला ओळखायचं, फाटक उघडायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं-प्यायचं. आतल्यांची म्होरकी नेहमी एर्लिंदाबाईच, कारण किल्ली तिच्या कमरेला.

त्या संध्याकाळी ओक्ताविओ नवी शाल पांघरून बाहेरच्यांच्या पुढे उभा, हातात मूर्तींचं तबक. मागे त्याचे पाहुणे, फोन उंच धरून. सगळ्यात शेवटी योलिमार आणि तिची आई. मी आत होते. पातेल्यात पेरू, ऊस आणि दालचिनी उकळत होती. बाहेरच्यांनी आसरा मागितला, आम्ही नाही म्हटलं. पुन्हा मागितला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. आता फाटक उघडायची ओळ एर्लिंदाबाईने उचलायची होती. तिने पुन्हा नकाराचीच ओळ लावली. आम्हाला वाटलं, चुकली. बाहेर हशा पिकला. त्यांनी परत मागितलं, हिने परत हाकललं. आम्ही आतले गायचे थांबलो. ती एकटीच गात राहिली, खणखणीत.

"एर्लिंदा, पुरे आता! उघड!" ओक्ताविओने फाटकावर थाप मारली.

"कोण आलंय?"

"अगं, मारिया आणि योसेफ!"

"जामीनदार आणलाय का?"

मग फाटकाला तोंड लावून ती ओरडली,

"शहरात स्वतःचं घर असलेला लागतो! आणि हा योसेफ सुतार ना? पगाराचा दाखला दाखव म्हणावं त्याला! आगाऊ भाडं कुठाय? बायको पोटुशी आहे म्हणून इथे कोणी भुलत नाही. नियम म्हणजे नियम!"

"तुला वेड लागलंय का? लोक बघताहेत!"

"बघू देत की! ओक्ताविओ, तुझ्या काकाने मला आईचं नाव विचारलं होतं रे. फक्त आईचं नाव!"

पहिल्या मजल्यावरचे म्हातारे सिप्रियानो बाहेर कुडकुडत होते. तेच आधी ओरडले, "अरे, देऊन टाक ना ती झाडूंची खोली! माझे पाय गारठले!" मग बाकीचे पेटले. पाहुण्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्यांचे फोन ओक्ताविओच्या तोंडावर रोखलेले होते. नाक दाबलं की तोंड उघडतं.

"दिली! मार्चपर्यंत दिली!"

"भाडं किती?"

"नर्सा द्यायच्या तेच!"

तेव्हा कुठे तिने उघडायची ओळ म्हटली आणि किल्ली फिरवली. आत आल्यावर योलिमारच्या आईने तिचे हात धरले, तर ती खेकसली, "रडू नका, आधी प्या. गार होतंय."

गोष्ट इथे संपली असती तर मी इतकी चिडून सांगत बसले नसते. जानेवारीत ओक्ताविओने फाटकाला फोनवरून उघडणारं कुलूप बसवलं. आता राखणदाराची गरज नाही, म्हणाला, आणि जिन्याखालची खोलीही मला लागणार आहे. मार्चपर्यंतचा शब्द त्याने पाळला, पण तो योलिमारला दिलेला. एर्लिंदाबाईला त्याने कसला शब्द दिलाच नव्हता. म्हातारे सिप्रियानो आणि आम्ही चार जण जाऊन भांडलो. तो फोनमध्ये बघत राहिला.

एर्लिंदाबाई खोली शोधायला निघाली. मी बरोबर गेले. सोळाव्या वर्षापासूनचं सगळं आयुष्य याच शहरात काढलेली बाई, आणि जिथे जाऊ तिथे पहिला प्रश्न तोच. एका ठिकाणी विचारणारं पोरगं माझ्या मुलीच्या वयाचं होतं. तिने त्याला शिव्यासुद्धा घातल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी मी तिचं गाठोडं उचललं. माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या घरात आधीच सहा माणसं आहेत. मग आम्ही गच्चीवर गेलो. टाकी घरघरत होती. दारावर थाप मारायच्या आधीच योलिमारने दार उघडलं. तिने खाट भिंतीला सरकवून जमिनीवर एक गादी घातली होती.

"जामीनदार आणलाय का?" तिने विचारलं.

एर्लिंदाबाईने तिला अशी एक कचकचीत शिवी दिली की आतली म्हातारी खाटेवर उठून बसली. मग तिघी हसत सुटल्या. मला काही हसू आलं नाही. मी गाठोडं आत ठेवलं आणि खाली आले.